तुम्ही विचारलंत म्हणून: वीस मिनिटं हल्ला नाही

फॉर्म भरायला, झेरॉक्स काढायला दुकानात येणारी कॉलेजची पोरं माझ्या स्क्रीनकडं डोकावतात आणि ठरलेलं विचारतात, "काका, एज ऑफ एम्पायर्स टू? अजून खेळालाय? खेळण्यासारखा आहे होय?" मेव्हणा विचारतो, पुण्याला गेलेले मित्र फोनवर विचारतात. बायको विचारत नाही, नुसती बघते. एकदाच सगळ्यांना सांगून टाकतो.

गाव वसवायचं, फौज उभी करायची आणि समोरच्याचं गाव पाडायचं, असा हा कॉम्प्युटरवरचा खेळ. पहिलं म्हणजे, १९९९चा खेळ म्हणून त्याची कीव करू नका. ज्या कंपनीनं तो बनवला ती २००९ साली बंद पडली, खेळ नाही पडला. २०१९ला डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे नव्यानं सजवलेली आवृत्ती आली. यात प्रत्येकानं इतिहासातली एक जमात घेऊन खेळायचं असतं; २०२२ला त्यातलं 'इंडियन्स' हे जुनं कडबोळं फोडून हिंदुस्तानी, बंगाली, द्रविडियन आणि गुर्जर असे चार केले, आणि त्याच वर्षी जर्मनीत हायडेलबर्गच्या खऱ्या किल्ल्यात याची स्पर्धा भरली. मराठे का नाहीत म्हणून माझ्यावर चिडू नका, खेळाचा काळ सोळाव्या शतकाच्या आसपास संपतो. आणि "सीमाभागातला माणूस, भिंतीच बांधत बसणार" हा पुण्याच्या मित्राचा विनोदही ऐकून झालाय.

भिंती मी बांधतो, हे मात्र खरं. आम्ही हा खेळ इथं बेळगावात, टिळकवाडीतल्या एका सायबर कॅफेत शिकलो. मशीन एकमेकांना जोडलेली, भाडं तासावर, आणि नियम एकच: वीस मिनिटं कुणी कुणावर हल्ला करायचा नाही. हसू नका. तासाचे पैसे भरलेला पोरगा दहाव्या मिनिटाला मेला तर उरलेला वेळ करणार काय? वीस मिनिटं शेतं लावायची, तट घालायचे, दगड साठवून किल्ले उभे करायचे. मग हत्ती, ट्रेबुशे म्हणजे दगडफेकी यंत्रं, आणि सगळं गाव पेटलेलं. तेवढ्यासाठी आम्ही तास बुडवले.

गेल्या मे महिन्यात बेंगळुरूहून बहिणीचा मुलगा आला. नववीतला. शटर अर्धं खाली ओढून दोन मशीनवर बसलो. मी ट्यूटन्स घेतले, त्यानं हूण. हूणांना घरं बांधावी लागत नाहीत, हे मला एक माहिती म्हणून ठाऊक होतं. त्याला ते वेळ वाचवायचं हत्यार म्हणून ठाऊक होतं. नियम मी सांगितला नाही. गल्लीत क्रिकेट खेळताना भिंतीपलीकडं गेला की आऊट, हे काय दर वेळी सांगावं लागतं?

दहाव्या मिनिटाच्या सुमारास त्याचे घोडेस्वार माझ्या लाकूडतोड्यांत शिरले. तीनच होते. मला आधी वाटलं, चुकून आलेत. दोन माणसं पडल्यावर घंटा वाजवली. सगळे टाऊन सेंटरात, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीत घुसून बसले. आत बसले की तिथून बाण सुटतात, पण एक मेंढी कापली जात नाही की एक लाकूड तुटत नाही. बाहेर काढले की घोडे परत. घंटा, बाहेर, घंटा, बाहेर. तिकडं त्याच्या टाऊन सेंटरातून दर पंचवीस सेकंदाला एक नवा गावकरी निघत होता, एकदाही खंड नाही. पन्नास अन्नात एक माणूस, तो आणतो तेवढ्यात पुढच्याची सोय. मी हे वर्षानुवर्षं पाहिलं होतं, मोजलं कधीच नव्हतं. माझं टाऊन सेंटर तर मी शत्रूकडं बघत असलो की रिकामंच उभं असायचं.

तरी मी लाकडी कुंपण पुरं करत होतो. तो उठून माझ्या खुर्चीमागं आला, स्क्रीन बघितली, आणि अगदी सरळपणानं म्हणाला, "मामा, कंपाउंड कशाला घातलास? आत कायच नाही की." मग तोंडातल्या तोंडात कन्नडमध्ये, "मुगीतु." खेळ खरंच संपला होता. मी आणखी बराच वेळ क्लिक करत बसलो.

चिडून मी त्याला म्हटलं की हे खेळणं नव्हे, पाढे म्हणणं झालं. पहिले सहा गावकरी मेंढ्यांवर, पुढचे चार लाकडावर, मग रानडुक्कर ओढून आणायचं; यूट्यूबवर सगळं पाठ करून आलेला. तो म्हणाला, "मग वीस मिनिटं काय करायचं?" याला कॅफेतला मी ताड्कन उत्तर देतो: बांधायचं! काहीतरी उभं केल्याशिवाय पाडण्यात मजा काय? पण आताचा मी त्या कॅफेतल्या मला विचारतो, की अडवायला कुणीच येणार नसेल तर तो तट घालत कशाला होतास? दोघांचं अजून जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला आपला बेळगावचा किल्ला दाखवायला नेलं. खंदक, तट बघून जरा गप्प बसेल अशी आशा होती. त्यानं विचारलं, "हा पडलेला काय?" पडलेला. पंधराव्या शतकात बहमनींच्या महमूद गावाननं दारूचे सुरुंग लावून पाडला. आणखी काही विचारायच्या आत मी त्याला कुंदा खायला घेऊन गेलो.

तर खेळण्यासारखा आहे का? त्याचा खेळ नक्कीच आहे. माझा आहे की नाही, हे समोर कोण बसलंय त्यावर ठरतं, आणि तसे लोक आता पुण्यात, दुबईत, घरच्या कामात आहेत. भाचा रविवारी ऑनलाइन येतो. दहा मिनिटं की वीस, यावर आधी भांडण होतं. बहुतेक वेळा पंधरावर मिटतं आणि ते तो पाळत नाही.

नव्यानं सुरू करणाऱ्यानं आधी खेळातलेच 'आर्ट ऑफ वॉर'चे सरावाचे धडे करावेत, असं तो म्हणतो. मी म्हणतो, जोन ऑफ आर्कची मोहीम खेळा, हळूहळू, भिंती घालत. कुणाचं ऐकायचं ते बघा. झेरॉक्सचे पैसे तेवढे ठेवून जा.