घामाच्या गावात बर्फाचे व्हिडिओ

"हय घामान जीव जाता नि तू कसलो बर्फ बघतस?" मालवणात हा प्रश्न मला नेहमीचाच. त्यामागोमाग जरा समजूतदार प्रश्न येतो: बघायचंच तर ऑलिंपिक बघ, पोरांनी कॅमेरा हातात धरून काढलेलं हे स्कीइंगचं हलतं शूटिंग कशाला? पहिल्याला उत्तर नाही, आवड आहे. दुसऱ्याचं देतो, तुम्ही विचारलंत म्हणून.

फ्रीस्टाइल स्कीइंग म्हणजे पायात स्की घालून उड्या, गिरक्या आणि लोखंडी कठड्यांवरून घसरणं. यातला स्लोपस्टाइल, म्हणजे एकाच उतारावर कठडे आणि उड्या पार करत खाली येण्याचा प्रकार, ऑलिंपिकमध्ये आला तो २०१४ साली, सोचीला. खेळ त्याआधीच पोरांच्या कॅमेऱ्यासमोर वाढला होता. १९९० च्या दशकात कॅनडातले मोगल्स (बर्फाच्या उंचवट्यांवरून स्कीने उतरण्याची शर्यत) खेळणारे माइक डग्लस, जेपी ऑक्लेअर आणि त्यांचे दोस्त नियमांना कंटाळले होते. उलटं, पाठ पुढे करून उतरायचं तर स्कीची मागची टोकंही वर वळलेली हवीत. त्यांनी तसा प्रस्ताव आणि सोबत आपल्या उड्यांचा व्हिडिओ कंपन्यांकडे धाडला. सॅलोमनने तो उचलला आणि 'टेन-एटी' स्की बाजारात आली. १०८० अंश, म्हणजे पुऱ्या तीन गिरक्या.

टॉम वॉलिश हा स्कीअर तर अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. तिथे कुठले मोठे डोंगर! २००७ साली त्याने 'लेव्हल वन' या स्की-फिल्म कंपनीच्या, अनोळखी स्कीअरांसाठी असलेल्या 'सुपरअननोन' या व्हिडिओ स्पर्धेत बाजी मारली. २०१३ मध्ये तो स्लोपस्टाइलचा जगज्जेता झाला.

पण मी बघतो ते यशासाठी नाही. टीव्हीवर उडी दिसते, खटपट दिसत नाही. पोरांच्या व्हिडिओत कुठल्या तरी इमारतीच्या पायऱ्यांचा कठडा असतो. दोघं फावड्याने बर्फ ओढून उतार रचतात, वेग पुरत नाही म्हणून तिसरा लवचीक दोरीने खेचतो. पहिल्यांदा स्की कठड्यावर आडवी बसतच नाही, पोरगं कुशीवर आदळतं. पुन्हा चढतं, पुन्हा आदळतं. मग कधी तरी अर्ध्यावर तोल सावरतो, खांदे आधी वळतात, कंबर मागून येते आणि कॅमेरा धरणारा इतका ओरडतो की चित्रच हलतं. ती गिरकी कुठून सुरू होते हे मला त्या चुकलेल्या खेपांतच कळलं. परीक्षकांच्या गुणांतून ते कळत नाही.

आपल्याकडे दशावताराचे संवाद रंगमंचावरच सुचतात, लिहिलेली संहिता नसते. एखाद्या जत्रेत संकासुराने केलेली फिरकी कुणी मोबाइलवर धरली तरच ती उरते. नाहीतर पहाटे नाटक संपलं की गेली. कठड्यावरच्या त्या पोराचंही तेच.

मला राग येतो तो रील्सचा. पडणं कापतात, वर ढणढण गाणं चढवतात आणि पंधरा सेकंदांत नुसती उडी उरते. त्यापेक्षा ऑलिंपिक परवडलं.

बघायचंच असेल तर 'ट्रॅव्हलिंग सर्कस'पासून सुरुवात करा. विल वेसन आणि अँडी पॅरी यांची ही मालिका २००८ मध्ये सुरू झाली. पैसा लाइन या स्की कंपनीचा, पण थाट घरगुतीच: छोट्या टेकड्या, भंगारातून जमवलेले अडथळे आणि भरपूर आपटणं.