डब्ल्यूएसएलवर डॉकर : तीन रात्री एकाच एररपाशी

डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) मध्ये डॉकर (प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) बसवायचं काम अर्ध्या तासाचं. मला तीन रात्री लागल्या, आणि त्या तिन्ही एकाच जागी गेल्या.

पॉवरशेल (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) अ‍ॅडमिन म्हणून उघडलं, कमांड दिली, उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) उतरलं, रिस्टार्ट केलं. आणि एरर आली : व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) सुरू करता येत नाही, आवश्यक फीचर इन्स्टॉल केलेलं नाही. आकड्याचा शेवट ८०३७०१०२. ‘इन्स्टॉल केलेलं नाही’ यावर मी विश्वास ठेवला, तिथेच फसलो. विंडोज फीचर्समध्ये ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’ची खूण काढली, रिस्टार्ट, परत लावली, रिस्टार्ट. उबुंटू दोनदा काढून पुन्हा टाकलं. दुसऱ्या रात्री दीड वाजता तर विंडोजच नव्याने टाकायचं म्हणून बॅकअप घेत बसलो होतो.

तिसऱ्या रात्री टास्क मॅनेजर उघडला तो रॅम बघायला. सीपीयूच्या आलेखाखाली बारीक अक्षरांत दिसलं : व्हर्च्युअलायझेशन – डिसेबल्ड. डब्ल्यूएसएल २ खरा लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) एका छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवतं. असं मशीन चालवू देणारी प्रोसेसरची सोय बायॉसमध्येच (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्येच) बंद असेल, तर विंडोजमध्ये कितीही खटपट करा, काही हलत नाही.

मशीन सुरू होतानाच डिलीट दाबून बायॉसमध्ये शिरलो, तर व्हर्च्युअलायझेशन हा शब्दच कुठे सापडेना. एएमडीच्या प्रोसेसरसाठी तिथे ‘एसव्हीएम मोड’ शोधायचा असतो. माझ्या मदरबोर्डावर तो ओव्हरक्लॉकिंगच्या पानात दडलेला. इंटेल असेल तर ‘व्हीटी-एक्स’ किंवा त्याच्या आसपासचं नाव शोधा. एनेबल केलं, सेव्ह केलं, आणि उबुंटूने पहिल्यांदा युजरनेम विचारलं. मशीन जोडून देणाऱ्याला मी घेतानाच सांगितलं होतं, यावर डेव्हलपमेंट करणार आहे. एवढी एक कळ त्याने चालू करून द्यायला हवी होती. राग अजून गेलेला नाही.

पुढे डॉकर इंजिन सरळ बसलं. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर युजर डॉकर ग्रुपमध्ये घाला आणि उबुंटूतून बाहेर पडून परत या. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवू नका, उबुंटूच्या होम फोल्डरमध्येच ठेवा; नाहीतर प्रत्येक बिल्ड (कोडपासून प्रोजेक्ट तयार करणं) रखडतो. हो, रॅमचं राहिलं : १६ जीबीतली निम्मी डब्ल्यूएसएल घेऊ शकतं, म्हणून मी डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइलमध्ये ६ जीबीची मर्यादा घातली.

परवा ऑफिसातल्या मित्राचा फोन आला. तो एररचा आकडा वाचू लागला, ‘८०३७...’ आणि मी मध्येच विचारलं, “प्रोसेसर कुठला आहे रे तुझा?”