रेघ, आणि रेघेतून काढलेलं

व्हँकुव्हरला मुलाकडे आले की विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात माझी एक तरी दुपार जातेच. नातू उंच कोरीव खांबांखाली रमतो. मी वही उघडून लाकडी पेट्यांसमोर बसते. जन्मभर पोरांकडून इंटरमिजिएटची संकल्पचित्रं करून घेतली, त्यामुळे नक्षी दिसली की हात शिवशिवतो.

पेटी सीडरच्या एकाच फळीची. तीन ठिकाणी खाच पाडायची, वाफ देऊन फळी वाकवायची आणि चौथा कोपरा शिवून किंवा लाकडी खुंट्या मारून जोडायचा. खिळा नाहीच. त्यावर हैडा, त्लिंगिट, त्सिम्शियन अशा पॅसिफिकच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मूलनिवासी लोकांची ती काळी रेघ. मधे फुगते, सांध्यापाशी निमुळती होते आणि एकातून दुसऱ्यात वाहत जाते. आपण आधी बाह्यरेषा काढतो, मग आत रंग भरतो. इथे रेघच प्राण्याचं अंग आहे. बिल होम या अभ्यासकाने १९६५ मध्ये तिला ‘फॉर्मलाइन’ म्हटलं, ते नाव रूढ झालं.

आकार मोजकेच. ओव्हॉइड म्हणजे वरून फुगीर, खालून सपाट किंवा किंचित आत दबलेला, गोलसर कोपऱ्यांचा आकार. डोळा, डोकं, खांदा, सांधा सगळीकडे तोच. यू आकारातून कान, पिसं, शेपटी होतात. मुख्य रेघ बहुधा काळी, दुय्यम लाल, निळा-हिरवा जपून. प्राणी ओळखायच्या खुणाही ठरलेल्या: पुढचे दोन मोठे दात आणि चौकड्यांची शेपटी दिसली की बीव्हर, सरळ चोच डोमकावळ्याची, वाकडी गरुडाची.

पण माझा जीव अडकलाय तो ट्रायगनमध्ये. दोन जाड रेघा मिळतात तिथे काळ्याचा गोळा होऊ पाहतो, म्हणून नेमका तेवढाच तीन टोकांचा तुकडा काढून टाकतात. रेघ पुन्हा हलकी होते. स्वस्तातल्या टी-शर्टांवर नेमकं हेच चुकतं. ओव्हॉइड चिकटवलेले असतात, पण रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची. मी तर नापास करते.

आणखी एक. हे शहर वसलंय मस्क्विअम, स्क्वामिश आणि त्स्लेइल-वाउतुथ या कोस्ट सॅलिश लोकांच्या भूमीवर, आणि दुकानांत मात्र बहुतेक नक्षी उत्तरेकडच्या वळणाची. सॅलिश पद्धत वेगळी. तिथे वर्तुळं, चंद्रकोरी आणि ट्रायगन लाकडात कोरून काढतात, आणि त्या खाचाच आकृती घडवतात. ही कला जास्त करून लोकर कातायच्या टकळीच्या चकतीवर दिसते, आणि चकती फिरताना नक्षीही फिरते!

१८८५ ते १९५१ कॅनडात या लोकांच्या पॉटलॅचवर, म्हणजे मेजवानी देऊन भेटवस्तू वाटायच्या समारंभावर, कायद्याने बंदी होती. मुखवटे, पेट्या जप्त झाल्या. पुढे १९६९ मध्ये हैडा कलाकार रॉबर्ट डेव्हिडसनने मॅसेट या हैडा गावात कोरीव खांब उभारला, तो तिथे जवळपास शंभर वर्षांतला पहिला. तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता.

व्हँकुव्हरच्या विमानतळावर हैडा शिल्पकार बिल रीडच्या हिरव्या काशाच्या नावेपुढे फोटोसाठी गर्दी असते. शिल्प थोरच आहे. पण आंतरराष्ट्रीय आगमनाकडून बाहेर पडताना मस्क्विअम कलाकार सुझन पॉइंटची सीडरमध्ये कोरलेली प्रचंड चकती लागते. बॅगांच्या घाईत लोक तिच्याकडे बघतही नाहीत. माझं मत विचाराल तर आधी तिच्यापुढे थांबा, आणि कोरलेल्या खाचांकडे बघा.