आमची वाटचाल: पाळी बदलतानाची दहा मिनिटं

२००९च्या मंदीत भोसरीतलं एक मशीन शॉप बंद पडलं, त्यांची सेकंडहँड सीएनसी लेथ, म्हणजे धातू कातणारं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आम्ही उचलली. पुढे मशिनं वाढली, माणसं वाढली, दुसरी पाळी आली. कर्जाच्या हप्त्यांची कथा सगळ्यांचीच असते, ती सोडून देतो. आमचं खरं पाऊल पुढे पडलं ते पाळी बदलतानाच्या बोलण्यामुळे.

आमचं मुख्य काम बुशांचं, म्हणजे शाफ्ट बसतो त्या धातूच्या छोट्या नळकांड्यांचं. आतलं भोक, म्हणजे बोअर, २५ मिलिमीटरचा, एच७ दर्जाचा, म्हणजे मापात मोकळीक शून्य ते अधिक २१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, कड झिजली की बोअर लहान येऊ लागतो, आत जायलाच हवा तो गो गेज अडकतो. ऑपरेटर मशीनला ऑफसेट, म्हणजे झिजेइतकी भर, देऊन काम चालू ठेवतो. त्यात गैर काही नाही. पण हे न सांगताच तो बस पकडायला पळाला आणि पुढच्याने नवी कड लावून सायकल स्टार्ट दाबलं, की बोअर मोठा. आत जायलाच नको तो नो-गो गेजसुद्धा आत जातो. लहान बोअर पुन्हा कापता येतो, मोठा झालेला थेट भंगारात.

असे बुश चिप्सच्या, म्हणजे धातूच्या कीसाच्या, ट्रॉलीत, तळाशी दडपलेले सापडायचे. पोरं लबाड नव्हती. जॉब बिघडला की सुपरवायझरचा पहिला सवाल, "कुणी केलं?" तोही सगळ्यांदेखत. मग कोण कशाला सांगतंय?

२०१६पासून दोन्ही पाळ्यांचे ऑपरेटर दहा मिनिटं मशीनपाशी एकत्र उभे राहतात, त्याचे पैसे धरून. बिघडलेला जॉब लाल ट्रेमध्ये जातो. त्यावर नाव नाही, मशीन नंबर आणि माप फक्त. विचारायचं एवढंच, "मशीनवर आत्ता काय आहे?" उत्तर येतं, "मामा, कड संपत आलीय, बारा मायक्रॉन दिलेत. कड बदललीत तर तेवढे काढा."

सुरुवातीला लाल ट्रे वाहू लागला. हिशेब बघणारी माझी बायको धसकलीच, "अहो, हे काय चाललंय?" माल पूर्वीइतकाच बिघडत होता, आता दिसत होता. गिऱ्हाइकाकडून परत येणारा माल मात्र कमी कमी होत गेला.

टोयोटाच्या कारखान्यात कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, याचं सेमिनारांत भारी कौतुक होतं. दोरी काय, कुणीही बांधेल. ओढल्यावर धावत येणारा काय बोलतो ते कुणी सांगत नाही.

आता रात्रपाळी सुरू करतोय. तिच्यावर नेमलेला पोरगा आमच्याकडे सगळ्यांत जास्त वेळा मशीन थांबवणारा. प्रॉडक्शनच्या आकड्यांत तो कधीच पहिला नव्हता, त्यामुळे दोघे जुने ऑपरेटर गाल फुगवून आहेत. गुरुवारची सुट्टी झाली की त्यांच्याशी बसून बोलायचंय.