कवंडळाचा वेल रात्री फुलतो

कवंडळाची फुलं रात्री उमलतात हे मला पंचेचाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. फळ मात्र लहानपणापासून ओळखीचं. लालभडक, गोल, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, माटोळीत हमखास दिसणारं. गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या आमच्या घरी ही फळं डोंगरावरून यायची आणि आणणारा मीच असायचो.

गोव्याबाहेरच्या वाचकांना माटोळी कदाचित ठाऊक नसेल. गणपतीच्या मूर्तीवर छताला एक लाकडी चौकट टांगतात. तिला आधी आंब्याच्या डहाळ्या बांधायच्या, मग नारळाची पेंड म्हणजे घोस, सुपारीचं शिपटं, केळीचा घड, तोरिंगं, चिबूड, आंबाडे, निरफणस. एवढं कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, किंवा बाजारात मिळतं. पण माटोळीची खरी शोभा रानातून येते. मालकांगोणीचे घोस, कुड्याच्या जोडशेंगा, वाळल्यावर खुळखुळणाऱ्या घागऱ्यांच्या शेंगा, शेरवडाची पांढरी पानं, कळलावीची फुलं आणि कवंडळ. बांधायला सुतळी नाही, केवणीच्या सालीचे दोर. भाद्रपदात आपल्या मातीत जे जे पिकलं, फुललं, ते देवाच्या डोक्यावर टांगायचं. आमच्याकडे गणपतीची मूर्ती लहान असली तरी चालते, माटोळी उणी पडलेली चालत नाही.

चवथीच्या आदल्या आठवड्यात दादा, मी आणि वाड्यावरचे दोघेतिघे कोयता घेऊन पहाटे डोंगर चढायचो. कुठल्या घळीत कुठला वेल आहे ते मला तोंडपाठ होतं. फोंड्याच्या पतसंस्थेत कारकुनी करणारा माणूस मी, पण त्या आठवड्यात वाड्यावर मला विचारल्याशिवाय कोणी माटोळीच्या सामानाला बाहेर पडत नसे. या गोष्टीचा मला किती आनंद होता हे ती हातची गेल्यावर कळलं.

२०१७ च्या जुलैत, मुसळधार पावसात फोंड्याहून घरी परतताना माझा डावा पाय एका ट्रकच्या चाकाखाली गेला. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात तो गुडघ्याखाली कापावा लागला. अपघाताबद्दल याहून जास्त लिहीत नाही, कारण तो काही क्षणांत घडून गेला आणि त्यात माझं असं काही नव्हतं. लिहायचं आहे ते नंतरचं.

त्या वर्षी चवथ २५ ऑगस्टला होती. मी आतल्या खोलीत खाटेवर. दादा एकटा डोंगरावर जाऊन जमेल ते घेऊन आला, उरलेलं फोंड्याच्या माटोळीच्या बाजारातून आणलं. बाहेर आरती सुरू झाली, कातडं ताणलेली मातीची घुमटं वाजू लागली, शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळं, म्हणजे मोठ्या झांजा, त्यांत मिसळली आणि मी उशीत तोंड खुपसून पडून राहिलो. घुमट मीही वाजवतो, गळ्यात अडकवून, उभ्याने. पण त्या दिवशी मला छळत होतं ते वेगळंच. माटोळी पूर्ण झाली होती. माझ्यावाचून घराचं काही अडलं नव्हतं. पाय गेल्याचं दुःख लोकांना दिसत होतं, त्यावर ते बोलत होते, धीर देत होते. हे दुसरं दुःख कोणाला दिसत नव्हतं आणि मला ते सांगता येत नव्हतं.

गणपती पोचवल्यावर शेजारचा मुलगा घरात आला. चौथीत होता तेव्हा. उतरवलेल्या माटोळीतली चारपाच फळं त्याच्या सदऱ्याच्या ओच्यात होती. खाटेजवळ येऊन त्याने एक पुढे केलं.

"काका, हें कितें?"

"कवंडळ."

"आनी हें?"

असं करत त्याने सगळ्यांची नावं विचारून घेतली, पुन्हा एकदा म्हणून दाखवली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला, सोबत त्याची बहीण. भेटायला येणारा प्रत्येकजण आधी चादरीकडे बघायचा, जिथे पायाचा उंचवटा संपत होता तिथे. या पोराने तिकडे पाहिलंही नाही. त्याला नाव हवं होतं आणि ते माझ्याजवळ होतं. कित्येक आठवड्यांनी कोणीतरी माझ्याकडे काही मागायला आलं होतं. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो हे आईने वयनीला सांगितलेलं मला ऐकू आलं.

आईचं वेगळंच चाललं होतं. उतरवलेल्या माटोळीतल्या बिया ती सुपात वाळवत होती. कवंडळ फोडलं की आत काळपट हिरवा गर निघतो, कडू, त्यातून बिया धुऊन काढाव्या लागतात. पुढच्या वर्षी पाऊस लागल्यावर तिने त्या करवंट्यांत माती घालून पेरल्या, पडवीत माझ्या खुर्चीशेजारी ओळीने मांडल्या आणि म्हणाली, "बसल्याजाग्यार उदक तरी घाल." समजूत घालणं, पाठीवरून हात फिरवणं हे तिला कधी जमलं नाही. मला काम दिलं. त्या काळात माझ्यावर सगळ्यांत मोठी माया केली ती याच वाक्याने, असं मी आज मानतो.

त्याआधी, २०१८ च्या उन्हाळ्यात, एका शिबिरात मला जयपूर फूट बसवला होता. त्याबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण माझं आजचं सगळं काम त्याच्यावर उभं आहे. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास हे रबरी पाऊल घडवलं. तोवरचे कृत्रिम पाय परदेशी धाटणीचे, बूट घालूनच चालता येईल असे. आपला माणूस अनवाणी देवळात जातो, उकिडवा बसतो, चिखलात उतरतो. जयपूर फूट रबराचा, पाण्याला न घाबरणारा, घोट्यात वाकणारा. १९७५ साली जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि हा पाय लोकांना फुकट मिळू लागला. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना आपण कधी भेटणार नाही अशा माणसांचे उपकार किती जवळचे असू शकतात! कुळागराचा पाट ओलांडून पलीकडच्या बांधावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पोफळीला टेकून त्या दोघांना मनोमन नमस्कार केला.

पण रात्री हा पाय काढून ठेवावा लागतो आणि माझ्या रात्री वाईट होत्या. जो पाय नाही त्याची बोटं दुखायची. अंगठा आत वळून आवळला गेलाय आणि सुटत नाही, असं. फिजिओथेरपीच्या ताईंनी आरशाचा उपाय शिकवला. दोन्ही पायांच्या मध्ये आरसा उभा धरायचा, चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघायचं आणि बोटं हळूहळू मोकळी करायची. आरशात डावा पाय मोकळा होताना दिसतो आणि मेंदू ते बघून दुखणं थोडं सोडतो. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात ही युक्ती पुढे आणली. मला तिचा गुण येतो, रोज नाही. ज्या रात्री येत नाही त्या रात्री मी कुबड्या घेऊन पडवीत येऊन बसतो.

अशाच एका रात्री, वेलाच्या दुसऱ्या पावसाळ्यात, मी कवंडळाचं फूल पाहिलं. वेल पडवीच्या खांबावरून कौलांपर्यंत चढला होता. संध्याकाळी त्यावर मिटलेल्या कळ्या होत्या, त्याकडे कोणी बघावं असं त्यांत काही नव्हतं. मध्यरात्रीनंतर बॅटरी मारली तर पांढरीशुभ्र फुलं, प्रत्येक पाकळीच्या कडेला बारीक तंतूंची झालर आणि त्यांवर भिरभिरणारे पतंग. सकाळी पाहिलं तर सगळी कोमेजून गेलेली. इतकी वर्षं मी या वेलाकडे कोयता घेऊन गेलो, फळं तोडली आणि उतरलो. वर्षाचे उरलेले दिवस तो काय करतो हे बघायला मी तिथे कधी थांबलो नव्हतो. दुखण्याने मला जागं ठेवलं नसतं तर ते फूल मला दिसलं नसतं. म्हणून दुखणं चांगलं असं मी म्हणणार नाही. आज कोणी पाय परत देत असेल तर मी फूल न बघता घेईन. पण ते फूल मी पाहिलं, हेही तितकंच खरं आहे आणि त्या रात्री मला झालेला आनंद कुठल्याही दुःखाची भरपाई म्हणून आलेला नव्हता. तो सरळ आनंद होता.

फुलं भरपूर आली, फळ एकही धरलं नाही. इथून माझा अभ्यास सुरू झाला. कवंडळात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. नराची फुलं एका दांड्यावर झुबक्याने येतात, मादीचं फूल एकेकटं आणि त्याच्या खाली इवलंसं फळ आधीच फुगलेलं असतं. आमच्या पडवीतले जगलेले वेल सगळे नर निघाले. सत्तरी तालुक्यातल्या एका मित्राने त्याच्या परसातल्या मादी वेलाचा कंद काढून दिला. दादाने तो कुंपणाशी लावला. मी सांगितलं, त्याने खणलं. हल्ली आमचं हेच वाक्य झालंय. चवथीआधी तो फोन घेऊन डोंगरावर जातो, वर रेंज असते, तिथून झाडं दाखवतो आणि विचारतो. "तूं सांग, हांव हाडटां." तू सांग, मी आणतो. आधी मला हे बोचायचं. सगळं स्वतः आणणारा मी, दुसऱ्याच्या हातांनी आणवून घेणं मला अपमानासारखं वाटे. आता वाटत नाही. दादाही या निमित्ताने रान शिकला, जे तो माझ्यामागून चालताना कधी शिकला नव्हता.

२०२० ची चवथ कोरोनातली. बाजारात गर्दी करायची सोय नव्हती, बाहेर पडायची भीती वेगळीच. त्या वर्षी कुंपणावर कवंडळं लाल झाली होती, घागऱ्या धरल्या होत्या, शेरवडाचं झुडूप पांढरं झालं होतं. वाड्यावरची माणसं मास्क लावून एकेकटी आली. मी खुर्ची टाकून बसलो होतो आणि शेजारचा मुलगा, एव्हाना सातवीत गेलेला, कात्रीने कापून प्रत्येकाच्या पिशवीत घालत होता. कोणाला काय कमी आहे ते विचारत होता. पैसे घ्यायचा विचारही मनाला शिवला नाही. मी कोणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून बसण्याऐवजी लोक माझ्याकडे वाट काढत येत होते. आरतीला मी बसून घुमट वाजवलं. उभ्याने वाजवण्याइतका जोर बसून लागत नाही, पण हाताची बोटं तीच आहेत. घुमटाला २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, त्याचं कौतुक मुलांना तेव्हाच सांगितलं.

कुंपण बहरलं तशी मला एक नवी चिंता लागली, आणि चिंता लागणं हेही मी जगण्याचं लक्षण मानतो. माटोळीचं सामान विकायला आणणारे काहीजण वेल मुळासकट उपटतात. पुढच्या वर्षी त्या जागी काही येत नाही. कला आणि संस्कृती संचालनालयाची माटोळी स्पर्धा असते. तीत शेकडो वस्तूंनी भरलेल्या माटोळ्या बघताना मला अतिशय आनंद होतो, त्यामागचे कष्ट मला कळतात. तरीही माझं मत स्पष्ट आहे. रानात जे मोजकंच उरलं आहे ते टांगू नये, आणि जे टांगायचं ते लावावं. कुळागराच्या बांधावर, परसाच्या गडग्यावर या वेलींना जागा भरपूर आहे. कवंडळाचा कंद जमिनीत राहिला तर वेल दरवर्षी पावसात पुन्हा फुटतो. कात्री लावा, ओढू नका, एवढंच सांगतो. कंद उपटणाऱ्यांवर मी रागावत नाही. त्यांच्या घरी चवथ त्याच पैशांतून होते, म्हणून मी त्यांनाही बिया देतो. दोघांनी लावल्याही आहेत.

पावसाळा अजूनही मला जड जातो. घामाने आणि ओलाव्याने उरलेल्या पायाची कातडी सोलवटते, मग जयपूर फूट काही दिवस भिंतीला टेकून ठेवायचा आणि कुबड्यांवर यायचं. गेल्या श्रावणात जखम लवकर भरेना. त्या आठवड्यांत मनात पुन्हा काळोख आला, अगदी पहिल्या वर्षासारखा. तो येणारच नाही असं आता मी धरून चालत नाही. तेव्हा मी वही काढतो. कुठल्या वेलाला कधी कळी आली, कोणतं फूल कधी मिटलं, कुड्याच्या शेंगा कधी तडकल्या, सगळं तारीखवार लिहिलेलं आहे. कोरं पान भरायचं असतं, म्हणून उठावं लागतं.

श्रावणातल्या रविवारी वाड्यावरची मुलं माझ्याबरोबर डोंगराच्या पायथ्याशी येतात. पहिल्या घळीपर्यंत मी काठी घेऊन चढतो, पुढे ती जातात. नियम एकच, प्रत्येकाने एकच फांदी आणायची आणि आणलेल्याचं नाव स्वतः शोधायचा प्रयत्न करायचा. शेजारचा मुलगा आता वनस्पतिशास्त्र शिकायला कॉलेजात जातो. गेल्या रविवारी त्याने एक वेल आणला, पान कवंडळासारखंच पण फळ लहान. मला ओळखता आला नाही. त्यालाही नाही. फोटो काढून त्याने त्याच्या मॅडमना पाठवले आहेत आणि त्याच्या चार बिया मी करवंटीत पेरून ठेवल्या आहेत. फूल आलं की कळेल.