दुपारच्या जुन्या टॉक शोंच्या कॅसेटी डिजिटल करताना

अमेरिकेत माईक डग्लसचा दुपारचा टॉक शो १९६१ साली क्लीव्हलंडमध्ये सुरू झाला आणि १९६५ मध्ये फिलाडेल्फियाला गेला. आठवडाभर एकच पाहुणा सहयजमान, गाणी, गप्पा, मधेच स्वयंपाक. फेब्रुवारी १९७२ मध्ये जॉन लेनन आणि योको ओनो आठवडाभर तिथं होते! दुसरा यजमान फिल डोनाह्यू १९६७ पासून डेटनमध्ये हातात मायक्रोफोन घेऊन सरळ प्रेक्षकांत शिरायचा. त्या काळी स्टुडिओतल्या दोन इंची टेपा महाग. पुसून पुन्हा वापरायची सर्रास पद्धत. त्यामुळे पुढच्या काळातल्या घरगुती व्हीएचएस कॅसेटींनाही मोल आहे.

टी-१२० या नेहमीच्या व्हीएचएस कॅसेटवर एसपी या साध्या वेगात दोन तास मावतात, ईपी या सर्वांत मंद वेगात सहा. म्हणजे नव्वद मिनिटांचे चार भाग, म्हणून घरोघरी ईपीच. पण ईपीचा ट्रॅक (टेपवरची चित्राची पट्टी) जेमतेम १९ मायक्रॉनचा (एसपीचा ५८), त्यामुळे दुसऱ्या व्हीसीआरवर हमखास पट्टे येतात. ऑटो ट्रॅकिंग (हेड ट्रॅकवर आपोआप जुळवणं) बंद करून हातानं जुळवा. हाय-फाय आवाज गुरगुरला तर टेपच्या कडेचा साधा, लिनियर आवाजाचा ट्रॅक घ्या. खरखर असते, पण तुटत नाही.

रिळावर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट लावूच नका, व्हीसीआरचे टेप वाचणारे हेडही जातील. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या. व्हीसीआर खराखुरा एनटीएससी (अमेरिकी टीव्हीची पद्धत) देणारा हवा. पाल-६० (एनटीएससी टेपचे रंग पाल पद्धतीत) देणाऱ्यावर संगणकातलं कॅप्चर कार्ड रंग उडवतं. एस-व्हिडिओ केबल, टाइम बेस करेक्टर (हलणाऱ्या रेघा सरळ करणारं यंत्र) आणि ७२० बाय ४८० लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावणारं कॅप्चर, एवढं पुरे. तळाशी वळवळणाऱ्या रेघा टेपचा दोष नाहीत, त्या हेड बदलतानाच्या. जुन्या टीव्हीत त्या कडेआड लपत.

खरा घोळ पुढे होतो. हे कार्यक्रम व्हिडिओ कॅमेऱ्यावरचे, सेकंदाला ५९.९४ फील्ड (एकाआड एक रेघांची अर्धी चित्रं). बहुतेक स्वस्त कन्व्हर्टर त्यातले निम्मे टाकून ३० फ्रेम करतात, आणि डोनाह्यू पायऱ्या चढताना अडखळत चालतो. स्टुडिओचा तो 'आत्ता घडतंय' भाव तिथंच मरतो. एफएफएमपेग या व्हिडिओ प्रोग्रॅममध्ये बीडब्ल्यूडीआयएफ (bwdif) हा फील्डांच्या फ्रेम करणारा फिल्टर सेंड-फील्डवर (send_field) ठेवा; प्रत्येक फील्डची एक फ्रेम होते. चित्र मागेपुढे थरथरलं तर फील्डचा क्रम उलटा पडलाय.

आणि जाहिराती कापू नका. लेबल नसलेल्या भागाची तारीख बहुधा त्यांच्यावरूनच लागते.