पाण्याच्या रानाचं फाटक नेमकं कुठे लावायचं

धरणाकाठचं रान किंवा पाणीपुरवठ्याच्या विहिरीभोवतीची जमीन लोकांना बंद करायची म्हटलं की वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, सरसकट कुंपण घाला, विषय संपला. दुसरी म्हणते, पाणी शुद्ध करूनच तर देता, मग चार माणसं फिरली तर बिघडलं कुठे? मला दोघांचंही अर्धंच पटतं. जमीन कितपत बंद करायची हे माझ्या मते एकाच प्रश्नावर ठरावं: इथे पडलेली घाण पाणी उचलायच्या जागेपर्यंत पोचायला किती वेळ घेते? वेळ कमी असेल तिथे फाटक कडक हवं. वेळ भरपूर असेल तिथे माणसाला फिरू द्यावं.

आधी ‘शुद्ध करूनच तर देता’ याचं बघू. क्लोरीनने बहुतेक जिवाणू आणि विषाणू मरतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्याला दाद देत नाही. विष्ठेतून बाहेर पडताना तो कवचात बंद असतो आणि आकार जेमतेम ४ ते ६ मायक्रॉन. ९९.९ टक्के परजीवी मारायचे तर लिटरमागे १ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन ठेवून साधारण साडेदहा दिवस थांबावं लागतं. शुद्धीकरण केंद्रात क्लोरीनला मिळणारा वेळ मिनिटा-तासांत मोजतात. अतिनील किरणांचं काम झटपट होतं, चौरस सेंटिमीटरला १२ मिलिज्यूल पुरतात. मात्र पाणी नितळ लागतं, गढूळ पाण्यात किरण आतपर्यंत पोचत नाहीत. राहिली वाळूची गाळणी. तुरटीचं प्रमाण चुकलं की तीही कण सोडते. १९९३ साली अमेरिकेत मिलवॉकी शहरात गाळणी आणि क्लोरीन दोन्ही चालू असताना हा परजीवी नळातून घरोघर गेला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. पुढे तपासलेल्या नमुन्यांत तो माणसाकडून माणसाला लागणाऱ्या जातीचा निघाला. म्हणजे मूळ घाण बहुधा माणसाचीच होती.

रानात माणूस आल्याने पाण्याला धोका होतो तो मुख्यतः विष्ठेचा, पाऊल उमटण्याचा नव्हे. या परजीवीची लागण झालेला माणूस एका शौचातून कोट्यवधी परजीवी टाकतो, जुलाब थांबल्यावरही काही दिवस टाकत राहतो, आणि दुसऱ्याला आजारी पाडायला दहा-वीसही पुरतात. असा एक माणूस ओढ्याच्या काठी बसला तर दिवसभर वाटेने चालून गेलेल्या शेकडो माणसांपेक्षा त्याचा त्रास जास्त. त्यामुळे काठापासून किमान ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून तो बुजवणं हा रानातला जुना नियम आहे. पण जलाशयाच्या अगदी जवळच्या पट्ट्यात मी या नियमावर विसंबणार नाही. तिथे शौचालय फाटकाच्या बाहेर, गाड्या थांबतात तिथेच हवं, कारण माणसाला शौचाची आठवण होते ती गाडीतून उतरल्यावर. शोषखड्डा चालणार नाही, खाली बंद टाकीच हवी. टाकी वापरायच्या आधी पाण्याने भरून चोवीस तास ठेवायची आणि पातळी उतरते का ते बघायचं. पावसाळ्याआधी ती उपसायची. मैला उपसणारी गाडी टाकीपर्यंत पोचेल असा रस्ता आराखड्यात आधीच धरावा. हे शेवटचं बऱ्याचदा राहून जातं, मग भरलेली टाकी पावसात ओसंडते.

आता वेळ कशी मोजायची. भूजलाच्या बाबतीत काही देशांत ५० दिवसांची रेषा वापरतात, म्हणजे जिथून पाणी विहिरीत पोचायला ५० दिवस लागतात ती हद्द. रोगकारक जिवाणू जमिनीखाली एवढ्या काळात बहुतांश मरतात, हा त्यामागचा आधार. जर्मनीत विहिरीभोवती किमान १० मीटर जागेत बाहेरच्या कुणालाही जाऊ देत नाहीत. त्यापुढे ५० दिवसांच्या रेषेपर्यंत बांधकाम आणि जनावरांच्या मलमूत्राचं खत यांवर बंधनं असतात. इंग्लंडात पहिला पट्टा ५० दिवसांचा, पण ५० मीटरपेक्षा कमी नाही. ढोबळ हिशेब कागदावर होतो. समजा विहिरीतून रोज ५०० घनमीटर उपसा आहे, पाणी धरणारा थर २० मीटर जाड आहे आणि त्यातली पोकळी २० टक्के आहे. ५० दिवसांचा उपसा झाला २५,००० घनमीटर. त्याला थराची जाडी, पोकळी आणि पाय (π, म्हणजे ३.१४) यांच्या गुणाकाराने भागायचं, मग वर्गमूळ काढायचं. त्रिज्या येते सुमारे ४५ मीटर. थर २० ऐवजी १० मीटर धरला तर तीच त्रिज्या ६३ मीटर होते. म्हणजे थर पातळ तर कुंपण लांब.

हा गोल प्रत्यक्षात गोल नसतो, भूजल जिकडून येतं तिकडे तो लांबट होतो. विहीर मधोमध ठेवून चारी बाजूंना सारखं कुंपण घालणं ही नेहमीची चूक आहे. उताराखालची जागा उगाच बंद होते आणि चढावरची उघडी राहते. चुनखडीच्या भेगाळ खडकात तर हे सूत्र वापरूच नये. तिथे पाणी एका दिवसात कित्येकशे मीटर, कधी किलोमीटरभर जातं. चढावरच्या विवरात फ्लुरोसीनसारखा रंग सोडून तो विहिरीत कधी उतरतो ते बघावं लागतं.

कुंपणाने सगळं सुटत नाही याचं उदाहरण म्हणजे कॅनडातलं वॉकरटन. मे २००० मध्ये जोराच्या पावसानंतर जवळच्या शेतातलं शेणखत धुऊन एका उथळ विहिरीत उतरलं, क्लोरीन पुरेसा नव्हता, आणि ७ माणसं दगावली, सुमारे २,३०० आजारी पडली. तिथे फिरायला येणाऱ्यांना अडवून काहीही साधलं नसतं. धोका गुरांच्या शेणात होता. म्हणून फाटकाचा खर्च मंजूर करण्याआधी चढाच्या बाजूला काय चाललंय ते पायी फिरून बघा.

जलाशयात वेळेचं गणित आणखी बोलकं होतं. मेलबर्नच्या पाण्याचा मोठा भाग दीड लाख हेक्टरांहून मोठ्या बंद रानातून येतो, शतकाहून अधिक काळ लोकांना तिथे मज्जाव आहे, आणि त्यातलं बहुतेक पाणी गाळणीविना, फक्त निर्जंतुक करून दिलं जातं. बॉस्टनला पाणी देणारा क्वाबिन जलाशयही गाळणीविनाच चालतो, तिथे ओझोन आणि अतिनील किरण वापरतात. पण क्वाबिनच्या काठी क्रमांक घातलेल्या फाटकांमधून लोक पायी आत जातात, ठरलेल्या भागात होडीतून मासेमारीही चालते. पोहणं आणि कुत्री मात्र पूर्ण बंद. हे परवडतं, कारण क्वाबिनमध्ये भरल्यावर सुमारे १५६ कोटी घनमीटर पाणी मावतं आणि ते आत वर्षानुवर्षं राहतं. तेवढ्या काळात घाण तळाशी बसते, उन्हाने आणि वेळेने मरते.

इथे एक सावधगिरी. ‘सरासरी मुक्काम दोन वर्षं’ असं ऐकून निर्धास्त होऊ नये. पावसात ओढ्याचं गार, गढूळ पाणी जलाशयाच्या कोमट पाण्यात मिसळत नाही. ते जड असतं, बुडी मारतं आणि जुन्या नदीपात्राच्या तळाने सरळ भिंतीकडे निघतं. दोन वर्षांचा मुक्काम असा दोन-चार दिवसांवर येतो. म्हणून मुख्य ओढ्याचं मुख लांब असलं तरी त्या ओढ्याच्या दोन्ही काठांना इनटेकजवळच्या, म्हणजे पाणी उचलायच्या जागेजवळच्या, पट्ट्याइतकंच जपावं, आणि पुराच्या दिवसांत इनटेकचा खालचा दरवाजा बंद करून वरच्या पातळीवरून पाणी घ्यावं.

आता फाटकाचं काम. गाड्यांसाठी जाड पाइपचं आडवं फाटक ठीक आहे, पण ते फुटतं कडेला. मोटारसायकलवाला फाटकाला हातही लावत नाही, बाजूच्या मोकळ्या जागेतून निघून जातो. दोन्ही बाजूंना मोठे धोंडे एक-तृतीयांश जमिनीत पुरून बसवा आणि मधली फट मोटारसायकलच्या हँडलपेक्षा अरुंद ठेवा. कुलूप उघड्यावर लोंबकळलं तर कटरने तुटतं. त्यावर लोखंडी पेटी वेल्ड करा, खालून हात घालूनच किल्ली लागेल अशी. एकाच फाटकातून पाणीपुरवठा, वनखातं, वीज आणि अग्निशमन अशी चार खाती जातात, तेव्हा चौघांची कुलपं एकमेकांत अडकवून साखळी करतात. ही सोय चांगली, पण घाईत कुणीतरी आपलं कुलूप दुसऱ्याच्या कुलपात अडकवायच्या ऐवजी दोन कड्या सोडून पलीकडे अडकवतो. मधली दोन खाती बाहेर पडतात आणि ते कळतं वणवा लागलेल्या दिवशी. साखळीशेजारी कुलपांचा क्रम दाखवणारं चित्र रंगवा आणि दर महिन्याला प्रत्येक किल्ली लावून बघा.

कुंपण ओढा ओलांडतं तिथे तारा तशाच आडव्या ओढू नका. पहिल्याच पुरात काटक्या-पाला अडकतो, तारांचं बंधाऱ्यासारखं होतं आणि खांबांसकट सगळं वाहून जातं. वर एक जाड तार ताणून त्यावर फळ्या किंवा पाइप लोंबते ठेवा. पूर आला की ते उचलले जातात, ओसरला की परत खाली बसतात. इतरत्र सगळ्यात खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून ४० सेंटिमीटर वर हवी, म्हणजे रानातली जनावरं खालून जातात आणि कुंपण मोडत नाहीत.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पर्यायी वाट आधी तयार करा, जुनी वाट नंतर बंद करा. क्रम उलटा झाला की लोक फाटकाला वळसा घालतात आणि नवी पायवाट पडते. ती कुणी आखलेली नसते, सरळ उतारावरून काठाला भिडते आणि पावसात नाल्याचं काम करते. शंभर पावलांनी घट्ट झालेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते वाटेने धावतं. पाटीवरही नुसतं ‘प्रवेश बंद’ लिहू नका. ‘पुढे २०० मीटरवर पिण्याचं पाणी उचलतात. काठ बघायचा असेल तर उजवीकडे अर्ध्या किलोमीटरवर जागा आहे’ असं लिहा. कारण आणि पर्याय दोन्ही कळले तर बहुतेक माणसं ऐकतात, यावर माझा विश्वास आहे.

फाटक बंद झालं की आतल्या रस्त्यांकडे कुणी बघत नाही, आणि खरं नुकसान बऱ्याच ठिकाणी तिथून होतं. रस्त्याखालच्या पाइप मोरीच्या तोंडाशी एक फांदी आडवी अडकते. तिच्यामागे पाला साचतो, पाल्यामागे खडी. पुढच्या सरीत पाण्याला पाइपमधून वाट मिळत नाही, ते रस्त्यावर चढतं, चाकोरी धरतं आणि चाकोरी खणत उतरतं. दोन पावसांत गुडघाभर घळ पडते आणि ती सगळी माती जलाशयात जाते. अमेरिकेत गाळणीविना पाणी द्यायचं तर कच्च्या पाण्याचा गढूळपणा ५ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत लागतो; अशी एक तुंबलेली मोरी ती मर्यादा सहज मोडू शकते. म्हणून पावसाळ्याआधी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर मोऱ्यांची तोंडं साफ करायची. नको असलेला रस्ता नुसता बंद करून सोडायचा नाही. मोरी काढून ओढा मोकळा करायचा, पृष्ठभाग उकरायचा आणि पाणी बाजूला काढणारे तिरके वरंबे घालायचे.

वणव्याचं वेगळं. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणलोटात मे १९९६ मध्ये बफेलो क्रीक इथे शेकोटीतून वणवा पसरला, आणि जुलैतल्या एका वादळी पावसाने जळालेल्या उतारावरची माती आणि राख जलाशयात आणून टाकली. कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत एरवी खुलं असलेलं रानही तात्पुरतं पूर्ण बंद करणं मला योग्य वाटतं. पण रान बंद झालं की धूर बघून कळवणारे डोळेही कमी होतात. तेवढी गस्त वाढवावी लागते किंवा टेहळणीचा मनोरा चालू ठेवावा लागतो.

एवढं करूनही शून्य धोका मिळत नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराला पाणी देणारं बुल रन खोरं १९०४ च्या संघराज्य कायद्यापासून लोकांना बंद आहे. क्रिप्टोस्पोरिडियमवर वेगळी प्रक्रिया न करण्याची सवलत शहराला २०१२ मध्ये मिळाली, आणि पाण्यात तो सापडू लागल्यावर २०१७ मध्ये ती गेली. वन्य प्राण्यांना कुंपण कळत नाही. तरी मी बुल रन उघडा म्हणणार नाही. गाळणी बांधली तरी तिच्याकडे येणारं पाणी जितकं स्वच्छ तितकी ती बिघडण्याच्या दिवशी घरातली माणसं सुरक्षित.

पहिल्या वर्षी तीन नोंदी ठेवा: वाटेवर इन्फ्रारेड मोजणीयंत्राने किती माणसं मोजली गेली, ओढ्याच्या मुखाशी दर आठवड्याला आणि प्रत्येक मोठ्या पावसात ई. कोलाय (विष्ठेतला जिवाणू) किती निघाला, आणि कुंपण कुठे-कुठे तुटलं. कुंपण एकाच जागी तीनदा तुटलं तर तार जाड करू नका. त्या जागी उभं राहून बघा, लोकांना तिथून कुठे जायचं आहे ते.